आखाडातलं आतडं

मी आयुष्यात बोकडाची जितकी आतडी उलटी केली, तितक्या चकल्या पाडलेल्या नाहीत. हे अभिमानानं सांगते असं कुणी समजू नये. चकल्या मला कधी जमल्याच नाहीत, त्या कढईत सुटायच्या. आतडं मात्र माझ्या हातात पहिल्या आठवड्यातच बसलं.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती. सांगलीच्या एका कॉलेजात मी एम. एस्सी.चं संशोधन करत होते. गाव साताऱ्याकडचं. वडील फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. त्यांनी मला सांगलीला पाठवताना फक्त एक वाक्य सांगितलं होतं, “दोन वर्सं देतो. पर खोटं वागून मागं आलीस तर दार उगडायचं न्हाई.” नापास होऊन आले तर काय, हे ते बोलले नाहीत. नापास होण्याला त्यांच्याकडं माफी होती. फौजेत त्यांनी नापास झालेली बरीच माणसं पाहिली असतील.

माझ्या कामाचा विषय ऐकून आमच्या भावकीतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. विषय असा होता. दूध पोटात गेलं की त्यातली प्रथिनं सबंध राहत नाहीत, पाचक रस त्यांचे बारीक तुकडे करतात. आमच्या सरांना शंका होती की त्यातले काही तुकडे पुढं आतड्यात जाऊन साखरेची वाट अडवत असावेत. जेवणातली साखर आतड्याच्या भिंतीतून रक्तात जाते, ती या तुकड्यांमुळं सावकाश जात असेल का, एवढाच प्रश्न. तो माणसाच्या पोटात बघता येत नव्हता. म्हणून बोकडाचं आतडं.

करायचं ते असं. नुकत्याच कापलेल्या बोकडाचं लहान आतडं आणायचं, वीतभर तुकडा घ्यायचा आणि उशीचा अभ्रा धुवायला काढताना उलटा करतो तसा तो काचेच्या कांडीवर उलटा करायचा. आतली, साखर ओढून घेणारी बाजू मग बाहेर येते. एक तोंड दोऱ्यानं बांधायचं, आत थोडी साखर घातलेलं क्षारांचं पाणी भरायचं, दुसरंही तोंड बांधायचं. झाली पिशवी. ती तितक्याच साखरेच्या कोमट पाण्यात सोडायची, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे. बोकड मेलेलं असलं तरी आतडं घटकाभर जिवंत असतं. त्याला कुणी कळवलेलं नसतं. ते आपलं बाहेरची साखर आत ओढत राहतं. अर्ध्या तासानं पिशवी कापली की आतल्या पाण्यात बाहेरच्यापेक्षा जास्त साखर सापडते. याला आम्ही पिशवी चढली असं म्हणायचो.

दरवेळी दोन पिशव्या करायच्या. एक साधी. दुसरीच्या बाहेरच्या पाण्यात दुधाचे तुकडे घातलेले. ते तयार करणं हाही एक उद्योगच होता. माझ्या घरमालकीणबाईंच्या म्हशीचं दूध आणायचं, आम्ल घालून फाडायचं, चोथा दहा पाण्यांनी धुवायचा म्हणजे दुधातली स्वतःची साखर निघून जाते. मग त्यावर पाचक पावडर घालून ते ऊबेत ठेवायचं. त्याचा वास मी इथं लिहीत नाही.

पहिले तीन महिने पिशव्यांनी माझ्यावर कृपा केली. साधी पिशवी रोज चढायची, आणि दुधाची पिशवी तिच्यापेक्षा रोज कमी चढायची. फार नाही, पण रोज. सर वही बघायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, “अजून करा.” यापेक्षा जास्त कौतुक त्यांना येत नसे. बोकडाच्या अर्ध्या तासाच्या आतड्यावरून माणसाच्या मधुमेहाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. मी कॉलेजात बोलत नसे. घरमालकीणबाईंना मात्र सांगून टाकलं होतं, आणि त्यांनी आळीत.

आतडं मिळायचं ते मंडईमागच्या एका खाटकाच्या दुकानात. खाटीकमामा अबोल, सुरीशिवाय दुसऱ्या कशानं बोलत नसत. बोलायचं काम मामींकडं होतं. सकाळी सातला मी सायकलवरून बर्फ घातलेला थर्मास घेऊन उभी राहायची. मामांनी बोकड सोललं की पहिल्यांदा माझं आतडं. मी तिथंच, दुकानामागच्या फरशीवर उकिडवं बसून, गार क्षाराच्या पाण्यानं ते धुवायची आणि थर्मासात टाकून पॅडल मारत लॅबमध्ये. मामी कडेला बसून हे रोज बघायच्या. शिकलेली पोर, सुभेदाराची लेक, आणि सकाळच्या पारी शेणात हात घालते, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. “तुमच्या मास्तरला दुसरं कायबी गावलं न्हाई व्हय?” असं त्या दर दोन दिवसांनी विचारायच्या. मी हसायची.

मग आषाढातली एकादशी उलटली. आमच्याकडं आखाड म्हणजे मटणाचा महिना. पुढं श्रावण, महिनाभर मांसाचं नाव काढायचं नाही, म्हणून आधीच सगळं उरकून घ्यायचं. जावई येतात, लेकी येतात, देवाला बोकड असतं. दुकानापुढं अशी गर्दी की मामांची सुरी खाली ठेवायला उसंत नाही. मी सातला जाऊन आठपर्यंत ताटकळायला लागले. लॅबमध्ये सर घड्याळ बघत असायचे, आणि मला आधीच राग लवकर येतो. तिसऱ्या दिवशी मी रांगेतल्या एका पाहुण्याशी भांडले. मामींनी मला बाजूला घेतलं.

“ताई, तुमी कशाला थांबताय?” त्या म्हणाल्या. “त्यो थर्मास हितं ठिवून जावा आदल्या दिशी. मी सकाळी पयल्या बोकडाचं काडून, भरून ठिवते. तुमी निस्तं येऊन उचलायचं.”

मला इतकं बरं वाटलं की मी त्यांचा हात धरला. दुसऱ्या दिवसापासून मी बर्फ घेऊन साडेसातला जायची, थर्मास तयार असायचा. आत वरून बर्फ टाकला की निघाले. आतडंही काय सुरेख, पांढरं, स्वच्छ. मला धुवावंसुद्धा लागत नव्हतं. मामींचे उपकार कसे फेडावेत हा विचार करत मी सायकल मारायची.

आणि त्याच आठवड्यापासून पिशव्या चढायच्या बंद झाल्या.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, होतं असं एखादवेळी. दुसऱ्या दिवशी ऑक्सिजनची नळी बदलली. तिसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंशी वाद घातला, कारण त्यांची म्हैस आटत आली होती आणि त्या दुधात पाणी घालतात असा मला संशय आला. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि बरोबरच होतं त्यांचं. मग मी पाचक पावडरची नवी बाटली फोडली. मी सगळा दोष दुधाच्या बाजूला शोधत होते, कारण माझं सगळं लक्ष दुधाच्या पिशवीवर. दहा दिवस असे गेले. सर विद्यापीठाच्या कामात होते, त्यांनी वही मागितली नाही, आणि मीही आपणहून नेली नाही. उद्या चढेल, मग दाखवू, असं रोज.

अकराव्या दिवशी, बुधवारी, सरांनी वही मागितली. शुक्रवारी पुण्याहून एक मोठे प्राध्यापक येणार होते. माझं काम पुढं चालू ठेवायचं की नाही हे त्यांच्या शब्दावर होतं. आणि रविवारी श्रावण लागत होता. मग महिनाभर कुठलं ताजं बोकड आणि कुठलं काय.

सरांनी दहा पानं सावकाश उलटली. मी दुधाबद्दल बोलायला लागले. म्हैस, पाणी, पावडर, सगळं सांगितलं.

“दूध सोडा,” सर म्हणाले. “साध्या पिशवीत दूध कुठं आहे?”

मी वहीवर वाकले.

“साधी पिशवीसुद्धा चढलेली नाही. दहा दिवस. आत जेवढी साखर तेवढीच बाहेर. म्हणजे आतडं मेलेलं आहे, नाहीतर...” त्यांनी वाक्य सोडलं. मग विचारलं, “आतडं ताजं होतं?”

“हो.”

“तुमच्या समोर काढलेलं?”

आता इथं मी नीट लिहिलं पाहिजे. पहिले तीन महिने ते खरंच माझ्या समोर निघत होतं. दहा दिवस निघत नव्हतं. पण सरांचा तो सूर, तपासनिसासारखा, माझ्या डोक्यात गेला. मी सकाळी उठून सायकल मारते, हात शेणात घालते, आणि हे मला विचारणार आतडं ताजं होतं का? मामी मला शिळं देतील, हा विचारच मला अपमानाचा वाटला. मी ताडकन म्हणाले, “हो, समोर. रोज.”

सरांनी वही मिटली. ते रागावले नाहीत, ते मला जास्त टोचलं. त्यांनी अगदी हळू विचारलं, “मग पहिल्या तीन महिन्यांचे आकडे आले कुठून?”

मला क्षणभर कळलंच नाही ते काय म्हणतात ते. कळलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. ते म्हणत होते की मी ते आकडे मनानं लिहिले.

“मी खोटं लिहीत नाही, सर.”

“शुक्रवारपर्यंत साधी पिशवी एकदा चढवून दाखवा,” ते म्हणाले. “दुधाची राहू द्या. नुसती साधी. नाही चढली, तर हे काम मी पाहुण्यांपुढं ठेवणार नाही. आणि का ठेवत नाही हे मला त्यांना सांगावं लागेल.”

मी बाहेर आले. डोळ्यांत पाणी नव्हतं, तेवढं माझ्या स्वभावात नाही. वडिलांचं ते दार डोळ्यांपुढं आलं. नापास झाले असते तर मी गाडीत बसून सरळ घरी गेले असते, मान वर करून. हे निराळं होतं. खोटे आकडे लिहिणारी पोरगी, हे वडिलांना कुणाकडून तरी कळलं असतंच. साताऱ्याची एस. टी. बातम्या फार नेते.

माणसाला राग आला की तो कुणावर तरी काढावा लागतो. माझ्या रागाला दुकानाचा रस्ता माहीत होता. मेलेलं आतडं, असं सर म्हणाले होते. म्हणजे मामी मला आदल्या दिवशीचं देतात. मी सायकल काढली आणि भर दुपारी मंडईमागं जाऊन उभी राहिले. दुकान बंद झालं होतं. मामी पाण्यानं ओट्याखालची फरशी घासत होत्या. कडेच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होतं.

“मामी, तुम्ही मला शिळं आतडं देता,” मी सायकलवरून उतरायच्या आधीच म्हणाले.

त्यांनी घासणं थांबवलं. कंबर सरळ केली. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. असं कुणी त्यांना आयुष्यात बोललं नसावं.

“शिळं?” त्या म्हणाल्या. “आवं ताई, पयल्या बोकडाचं, गरम गरम, माज्या हातानं काडते मी. गिऱ्हाइकाला थांबीवते, आन् आदी तुमचं. तुमास्नी हात घालाय लागू ने म्हून दोनदा उकळत्या पाण्यातनं काडते, मीठ लावून चोळते, मंग गार पाण्यात टाकून थर्मासात भरते. आमच्या घरात खायाच्या वजडीलाबी येवडं कुनी करत न्हाई. आन् तुमी शिळं म्हंता?”

मी सायकल स्टँडवर न लावताच सोडली. ती धाडकन पडली.

“उकळत्या पाण्यातनं?”

“मंग काय? शेणासगट कालिजात नेनार व्हता? मास्तर मंडळी काय म्हनतील?”

त्या पातेल्याकडं मी बघत राहिले. वजडी, म्हणजे खायची आतडी, साफ करायची हीच रीत. आमच्या घरीसुद्धा आखाडात आई अशीच करायची, पाणी उकळायचं, आतडं बुडवायचं, वरचा थर सुटेपर्यंत चोळायचं. तो वरचा थर म्हणजेच साखर ओढणारा थर. मामी दहा दिवस, सगळ्या सांगलीतली गिऱ्हाइकं थांबवून, मायेनं तोच काढून टाकत होत्या. मला मिळत होती ती शिजवायला तयार वजडी, आणि मी तिच्याकडून साखर ओढून घ्यायची अपेक्षा करत होते.

मी हसायला लागले. हसता हसता फरशीवरच बसले, ओल्यात, साडीसकट. मामींना वाटलं मला भोवळ आली. त्या पाणी घेऊन धावल्या. मी त्यांना सांगायचा प्रयत्न करत होते की मी खोटी नाही, मी खोटी नाही, आणि त्या म्हणत होत्या, “कोन म्हनतंय खोटी, दम धरा, पानी प्या.” जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं. माझे तीन महिन्यांचे आकडे खरे होते. ते मला ठाऊक होतंच, पण सरांच्या त्या एका प्रश्नानंतर माझी मलाच शंका यायला लागली होती, ही गोष्ट मी तोवर स्वतःशीसुद्धा कबूल केली नव्हती.

मामींना समजावणं सोपं नव्हतं. आतडं जिवंत असतं हे त्यांना पटलं, रोज त्यांच्या हातात ते वळवळायचं. पण न धुता द्यायचं म्हणजे त्यांना पाहुण्याला खरकट्या ताटात वाढल्यासारखं वाटत होतं. शिळं म्हटल्याबद्दल मी माफी मागितली. ती त्यांनी लगेच दिली नाही. “उद्याच्याला या,” म्हणाल्या, “मंग बगू.”

गुरुवारी मी सहालाच जाऊन उभी राहिले. मामांनी पहिलं बोकड घेतलं. मामींनी आतडं काढलं, तसंच, वाफाळतं, शेणासकट, आणि तोंड फिरवून माझ्या हातात दिलं. मी फरशीवर उकिडवं बसून गार पाण्यानं धुतलं. ते गुलाबी होतं, आणि धुताना आकसत होतं. दहा दिवस मी ज्या पांढऱ्या आतड्याचं कौतुक करत होते, त्यात हे काहीच नव्हतं. हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, असं कुणीही विचारील. कारण मला हात घाण करावे लागत नव्हते, आणि त्यात मी खूश होते.

लॅबमध्ये सर आधीच आले होते. मी त्यांना काही सांगितलं नाही, आधी पिशव्या बांधल्या. साधी आणि दुधाची, दोन्ही. त्यांनी नुसती साधी करा म्हटलं होतं, पण माझा हट्ट. अर्धा तास ते माझ्या मागं उभे होते. मी पिशव्या कापल्या, नळ्यांत रसायन घातलं, गरम केलं. साखर जास्त तितका निळा रंग गडद. साध्या पिशवीची नळी बाहेरच्या पाण्याच्या नळीपेक्षा अशी गडद झाली की मोजायच्या यंत्रावर ठेवायचीही गरज नव्हती. दुधाची तिच्याहून फिकी. तीन महिने होती तशीच.

सरांनी दोन्ही नळ्या खिडकीशी धरल्या.

“चढली,” ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, “माझं चुकलं. मी तुम्हाला असं विचारायला नको होतं.”

मला इतकं हलकं वाटत होतं की ते वाक्य घेऊन मी सुखानं खाली चहाला जाऊ शकले असते. उद्या पाहुणे येणार, काम चालू राहणार, कुणाचं दार बंद होणार नाही. सर उकळत्या पाण्याबद्दल विचारणारही नव्हते, कारण त्यांना ते ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटलं असतं दहा दिवस ऊबेचं पाणी बिघडलं होतं, किंवा आणखी काही. पण ते माझी माफी मागत होते, आणि ती मला घेता येईना.

“सर, तुम्ही विचारलंत ना, समोर काढलेलं का,” मी म्हणाले. “मी हो म्हणाले. ते खरं नव्हतं. दहा दिवस मी नुसता भरलेला थर्मास उचलून आणत होते.” मग मामींचं सगळं सांगितलं, पातेल्यापर्यंत.

सर नळ्या हातात धरून ऐकत होते. मला वाटलं आता रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी नळ्या स्टँडमध्ये ठेवल्या, अगदी सावकाश.

“तुम्ही ‘समोर नाही’ असं म्हणाला असतात,” ते म्हणाले, “तर मी तुम्हाला तेव्हाच दुकानात पाठवलं असतं. दहा मिनिटांचं काम होतं. पण तुम्ही हो म्हणालात, आणि मी ते खरं धरलं. आतडं ताजं आहे असं एकदा धरल्यावर खोटं ठरवायला फक्त तुमचे आकडेच उरले.”

माझ्यावर संशय घेतला म्हणून मी एक दिवस आणि एक रात्र जळत होते, आणि तो संशय त्यांनी माझ्याच शब्दावर विश्वास ठेवून घेतला होता.

मी वही ओढली. दहा दिवसांची दहा पानं होती. प्रत्येक पानावर आकड्यांच्या खाली मी एकच ओळ लिहिली, आतडं माझ्यासमोर काढलेलं नाही, आणि खाली सही केली. सर शेजारी उभे राहून प्रत्येक पान वाळेपर्यंत धरत होते, कारण माझ्या पेनची शाई पसरायची. दहावं पान वाळल्यावर मी वही त्यांच्या हातात दिली.